एका रंगारणीची पोथी

देवालयशिल्पाच्या अभ्यासकांस आनंद कुमारस्वामी हे नाव नवे नाही. नटराजाच्या मूर्तीकडे पाहण्याची दृष्टी अनेकांस त्यांच्याच लेखनाने दिली. त्यांच्या पहिल्या पत्नी एथेल मात्र आपल्याकडे जवळजवळ अज्ञातच राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी हे दांपत्य सिंहलद्वीपी राहिले व तेथील कारागिरांचे काम बाईंनी जवळून पाहिले. पुढे तो विवाह मोडला, बाई मायदेशी एथेल मेरे झाल्या, आणि १९१६ साली त्यांनी वनस्पतिजन्य रंगांवर एक लहानसे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. हौसेने सूत रंगविणारे आजही ते हाती घेतात. म्हणून त्याचे गुणदोष सांगणे अगत्याचे वाटते.

पुस्तकाचा मोठा गुण असा की, त्यात उसासे थोडे व मापे फार आहेत. इतक्या लोकरीस इतकी तुरटी, इतका वेळ आच. आणि या विद्येत सारे आचेवर व संयमावरच आहे. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांचे पाणी खळखळून उकळू दिले, की लाली जाऊन तपकिरी छटा येते. नीळ तर पाण्यात विरघळतच नाही. ती कुंडात आंबवून घ्यावी लागते, आणि सूत बाहेर काढावे तेव्हा ते हिरवट पिवळे असून वाऱ्यावर पाहता पाहता निळे होते. ज्या दगडफुलास आपण मसाल्याच्या डब्यापलीकडे ओळखत नाही, त्याच्या भाईबंदांवर येथे स्वतंत्र प्रकरण आहे!

परंतु प्रस्तावनेशी माझा वाद आहे. विज्ञानाचा स्पर्श होण्यापूर्वीच्या काळाकडे रंगाऱ्याने परतावे, असा बाईंचा आग्रह. आणि रंगबंधकांच्या प्रकरणात तुरटी व हिराकस यांच्या पंगतीस क्रोम बसलेले! ज्या धातूचा शोधच १७९७ साली लागला, त्याचा हा क्षार रसायनशाळेचीच देणगी होय. शिवाय तो कर्करोगास कारण होणारे विष आहे, हे आज सिद्ध झालेले आहे. रंग वनस्पतीचा म्हणून निरुपद्रवी, ही भाबडी समजूत या पुस्तकानेच खोटी पाडली आहे. हौशी माणसाने ते पान खुशाल ओलांडावे व तुरटीवर भागवावे.

दुसरी उणीव आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. पुस्तकाचा जीव लोकरीत आहे. लोकर तुरटी सहज धरते, कापूस तशी धरीत नाही; त्यास आधी हिरड्यासारख्या तुरट द्रव्याच्या काढ्यात मुरवावे लागते. लोकरीची कृती जशीच्या तशी कापसास लावणारा आपला रंग मोरीत ओततो. हळदीचा मोह तर टाळावाच. ती रंगबंधकावाचून चढते आणि उन्हात तितक्याच सहजपणे उडते.

कातण्याविणण्याविषयी येथे फारसे काही नाही. बाईंचे हातविणकरीवरील पुस्तक १९३९ सालचे. त्यात सूर पुष्कळ निवळलेला आहे. पण कापसाचा तंतू किती ओढ सोसतो व पीळ कोठे कमी पडला म्हणजे सूत तुटते, हे जानव्यासाठी टकळी फिरविणाऱ्या आणि देवासमोरच्या वाती वळणाऱ्या बोटांस छापील पानापेक्षा अधिक कळते. अशाच एका घरातून मागून आणलेल्या सुताच्या दोन लड्या मी तुरटी देऊन मंजिष्ठेत घातल्या. एक हिरड्यातून काढून, दुसरी तशीच. पहिली जुन्या विटेसारखी लाल झाली. दुसरी तिसऱ्या धुण्यास ओळखू येईना.