चालीचं वावडं

परवा पुण्यात नव्या रचनांच्या एका कार्यक्रमानंतर चहा घेताना एक जाणकार गृहस्थ म्हणाले, ‘उत्तम! गुणगुणता येईल असं काही नव्हतं.’ ही त्यांनी तारीफ केली होती.

नाशिककडे परतताना आळेफाट्याच्या चौकात गाडी अडकली. कांद्याचे ट्रक हॉर्न देत होते आणि वरातीतला क्लॅरिनेटवाला ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ वाजवत होता. सूर हलत होते, चाल शाबूत होती. ते गाणं करणाऱ्या अजय-अतुल या संगीतकार भावांपैकी अजय गोगावले यांचा जन्म याच आळेफाट्याचा.

आजच्या संगीतावर लिहायचं, तर फ्यूजनबद्दल काय लिहायचं? दोन अनोळखी पाहुणे एका ताटात जेवायला बसवलेत, इतकंच. रिॲलिटी शोमध्ये टाळ्यांतून गाणं ऐकू आलं, तर लिहीन. उरते अजय-अतुल यांची वाट, आणि नेमकी तिथेच समीक्षकांची लेखणी अडखळते.

‘विश्वविनायक’ या अल्बमपासून त्यांना मोठ्या वाद्यवृंदाचा ध्यास. ‘जोगवा’ चित्रपटाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून थोडं कौतुक झालं. ‘सैराट’साठी (२०१६) ते हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले, तेव्हा ‘करमाळ्याच्या पोरांच्या प्रेमाला एवढी व्हायोलिनं कशाला?’ असं मला विचारणारे भेटले. ‘याड लागलं’ नीट ऐका. तिथे तंतुवाद्यं झालर म्हणून लावलेली नाहीत. गायक थांबला की ती त्याचं म्हणणं पुढे नेतात, आणि एवढ्या गर्दीत षड्ज, म्हणजे आधाराचा सा, जागचा हलत नाही. दक्षिणेतले संगीतकार इळैयराजा यांची शिस्त इथे ऐकू येते. माती मात्र जुन्नर-शिरूरकडची. दोषही आहेत. कोरस जिथेतिथे आभाळाला भिडतो, शांतता या दोघांना फारशी सोसत नाही. पण चाल लाजत नाही.

आणि तिने लाजावं का? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १९१६ साली, गायक भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ या संगीत नाटकाला चाली दिल्या. बुवांपेक्षा अधिक रागदारी कुणाला कळत होती? चाल घरोघर गेली म्हणून त्यांची उस्तादी उणावली नाही. युरोपात संगीतकार शोएनबर्गने १९२०च्या दशकात बाराही स्वरांना सारखा मान देऊन षड्जालाच घराबाहेर काढलं. पुढे पोलंडच्या गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी आली. सुरेल, संथ, आईच्या दुःखाची. १९९२च्या तिच्या ध्वनिमुद्रणाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. तिकडचा ताप उतरला आणि आमचे जाणकार आता गोधडी पांघरून कण्हताहेत! ज्यांच्या घरातून षड्ज कधी गेलाच नाही, त्यांनी त्याच्या असण्याची शरम का बाळगावी?

ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी फाट्याजवळ आळ्यातच आहे. त्या वेळच्या शास्त्र्यांची अडचण मला आता समजते. वेद रेड्याला येतात हे त्यांनी कसंबसं गिळलं असेल. ते सगळ्यांना ऐकू आले, हे कसं गिळायचं? त्या गृहस्थांना मी चहाच्या वेळी एवढंच म्हणायला हवं होतं, दोन तास ऐकलंत ना, एक ओळ म्हणून दाखवा. बँडवाल्याने तर हॉर्नच्या गोंगाटातही अख्खं गाणं म्हणून दाखवलं.