सैकाकु कोणाचा?

१६९३ साली ओसाकात इहारा सैकाकु वारला, तेव्हा त्याचं नाव वाचकांच्या तोंडी होतं. पुढे दोनेकशे वर्षांत ते जवळपास पुसलं गेलं. आज एदो काळातल्या गद्याची चर्चा त्याच्यापासूनच सुरू होते. मधल्या काळात नेमकं काय घडलं?

आवाशिमा कानगेत्सु या तोक्योतल्या हौशी संग्राहकाला अमेरिकेचं वेड होतं. तिकडे कोणी जपानबद्दल विचारलं तर उत्तर देता यावं, म्हणून तो जुनी पुस्तकं वाचू लागला. सान्तो क्योदेनच्या लेखनात त्याला सैकाकुचा उल्लेख सापडला. १८८०च्या सुमारास त्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सैकाकुच्या प्रती गोळा करायला सुरुवात केली. अमेरिका राहून गेली. पुस्तकं मात्र कोदा रोहान आणि ओझाकी कोयो या तरुण लेखकांच्या हाती पडली.

त्यांना ती वेळेवर मिळाली. माणसाचं मन जसं आहे तसं दाखवणं हे कादंबरीचं काम, असं त्सुबोउची शोयोने १८८५ मध्ये मांडलं होतं. अशा लेखनाला घरचा पूर्वज हवा होता. व्यापारी, कर्ज, वेश्यावस्ती यांवर लिहिणारा सैकाकु त्या जागी चपखल बसला. १८९४ मध्ये हाकुबुनकानने कोयोच्या संपादनाखाली त्याचे समग्र ग्रंथ छापले. सरकारने त्यावर बंदी घातली, तरी पूर्वजपद पक्कं झालं होतं.

माझी तक्रार इथे आहे. सैकाकु आधी हाइकाईचा कवी होता. १६८४ मध्ये सुमियोशीच्या देवळात एका दिवसरात्रीत त्याने २३,५०० कडवी रचली, असं सांगतात. त्याचं गद्यही साखळीकवितेसारखं एका प्रतिमेवरून दुसरीवर उडी मारतं. वाक्य कुठे संपतं ते कळू देत नाही. लाकडी ठशांच्या छपाईत वळणदार अक्षरं आणि चित्रं एकाच पानावर नांदत. ‘कोशोकु इचिदाई ओतोको’ची चित्रं तर त्याचीच मानली जातात. खिळ्यांच्या छपाईने हे सारं सरळ रेषेत आणलं. वाचणं सोपं झालं आणि ‘वास्तववादी’ सैकाकु तयार झाला. उड्या मारणारा कवी मागे पडला.

यात संग्राहकाला दोष देता येत नाही. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत कानगेत्सुचा संग्रह जळाला. त्याने पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवली असती, तर त्यांचा उपयोग तिथेच संपला असता. ती त्याने वाचायला दिली, म्हणूनच सैकाकु परत आला. फक्त तो कोणाच्या गरजेतून परत आला, हे वाचताना लक्षात ठेवावं.