दातारांचं व्हायोलिन खरंच ‘गातं’ का?

कोल्हापुरात वाद्याबद्दल बोलायचं म्हणजे जरा अवघडच. हे गाव अल्लादियाखाँसाहेबांचं, इथले कान गळ्यावर पोसलेले. पण कुरुंदवाड इथून काही लांब नाही. 1872 साली विष्णु दिगंबर पलुसकर तिथं जन्मले, आणि 1932 मध्ये त्याच गावात दामोदर केशव दातार.

दातारांची स्तुती करताना आपण सगळे एकच वाक्य वापरतो, ‘व्हायोलिन नुसतं गातंय हो!’ आम्हांला हे वाक्य खटकतं. वाद्याचा मोठेपणा गळ्याच्या नकलेत असेल, तर मूळ गळाच का ऐकू नये? शिवाय आपल्या परंपरेत उलटंही सांगितलं आहे. नारदीय शिक्षेत दोन वीणा येतात: एक दारवी, लाकडाची, दुसरी गात्रवीणा, म्हणजे आपलं शरीर. गाणाऱ्या देहालाच तिथं वीणा म्हटलंय. मग नक्कल कोण कुणाची करतंय?

दातार मात्र घडले ते गळ्याच्या शेजारी बसून. द. वि. पलुसकरांकडे ते शिकले, त्यांच्या साथीला बसले. साथीदाराचा धर्म कठीण. गायकाची जागा मागून अलगद उचलायची, पण तिच्यावर आपली सही करायची नाही. 1955 मध्ये पलुसकर गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. दातार तेव्हा तेवीस वर्षांचे. आता मागून उचलायला पुढे कुणी गातच नव्हतं.

त्यानंतरचं त्यांचं एकलवादन नीट ऐका. व्हायोलिनला पडदे नसतात. मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून बसलं की डावा हात मोकळा होतो आणि मींड सलग सरकते. हे सगळेच करतात म्हणा. दातारांचं वेगळेपण विलंबितात आहे. गायक आकारात जातो तेव्हा शब्द बाजूला ठेवतो, पुन्हा उचलतो. व्हायोलिनला ती सोयच नाही. तरी दातारांच्या वादनात शब्द कुठं पडला असता ते कळतं. शब्द गेले, त्यांचं वजन राहिलं. ही नक्कल नव्हे.

‘गायकी अंग’ हे लेबलही फार ढोबळ आहे. एन. राजम यांचं व्हायोलिनही गायकीचंच, पण ती गायकी ओंकारनाथ ठाकुरांची. ओंकारनाथही विष्णु दिगंबरांचेच शिष्य. एकाच घरातून निघालेली ही दोन व्हायोलिनं किती वेगळी! ओंकारनाथांचं गाणं नाट्याकडे झुकणारं, पलुसकरांचं बेतशीर.

या बेतशीरपणाची किंमतही दातारांनी मोजली. वाईच्या वि. गो. जोगांच्या लयकारीला चटावलेला कान दातारांकडे आला की थोडा उपाशी राहतो, विशेषतः द्रुतात. साथीदाराचा संकोच तिथं पूर्ण सुटला नाही असं आमचं मत आहे. 1995 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, 2004 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले.

आज घरी गेल्यावर त्यांचा एखादा आलाप लावा, तबला सुरू होण्याआधीचा. आणि तेवढा वेळ ‘गातंय’ हा शब्द मनात येऊ देऊ नका. मग काय ऐकू येतं, ते पुढच्या वेळी आम्हांला सांगा.