'पार्टी'चा गोंगाट आणि एका सिंगलचा वाद : बीच बॉइज, १९६५

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की, जी तबकडी गंमत म्हणून केली, तिच्यावर व्याख्यान कशाला? शंका रास्त आहे. पण बीच बॉइजच्या चाहत्यांमध्ये या गमतीवरून जेवढा वाद होतो, तेवढा त्यांच्या काही गंभीर कामांवरूनही होत नाही. आणि वाद इतकी वर्षं टिकतो तेव्हा त्याच्या तळाशी काहीतरी खरं असतं, असा आमचा अनुभव आहे. ते काय आहे, ते आज शोधू या.

ज्यांना हा बँड फक्त नावानं माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडी ओळख. बीच बॉइज कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावचे. ब्रायन, डेनिस आणि कार्ल विल्सन हे तीन सख्खे भाऊ, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन. पुढे १९६५ मध्ये ब्रूस जॉन्स्टन आला. म्हणजे मुळात हे घरातलं गाणं. गाणी रचणारा, स्वरमेळ बांधणारा, स्टुडिओत सगळ्यांना उभं करणारा डोकेबाज माणूस म्हणजे ब्रायन. डिसेंबर १९६४ मध्ये विमानात त्याला भीतीचा झटका आला आणि त्यानंतर त्यानं दौरे सोडले. बाकीचे गावोगाव कार्यक्रम करायचे, हा स्टुडिओत बसायचा. मार्च १९६५ मध्ये 'टुडे!' आणि जुलैमध्ये 'समर डेज' असे दोन अल्बम आले. दोन्हींत समुद्र-गाड्या-पोरी या ठरलेल्या विषयांपलीकडे जाण्याची धडपड ऐकू येते.

पण कॅपिटॉल ही त्यांची कंपनी. तिला नाताळच्या बाजारासाठी माल हवा होता. तेव्हा अल्बम म्हणजे दुधाचा रतीबच असायचा. आदल्या वर्षी, १९६४ च्या शेवटी, एक लाइव्ह अल्बम आणि एक नाताळचा अल्बम असे दोन देऊन झाले होते. आता १९६५ ला काय द्यायचं? ब्रायनच्या डोक्यात मोठं काही शिजत होतं, पण ते डिसेंबरपर्यंत ताटात येणारं नव्हतं. मग तोडगा निघाला : मित्रमंडळी जमवायची, गिटारी काढायच्या, आवडती जुनी-नवी गाणी म्हणायची आणि तेच रेकॉर्ड करायचं. सप्टेंबर १९६५ मध्ये ते रेकॉर्ड झालं आणि ८ नोव्हेंबरला 'बीच बॉइज पार्टी!' बाजारात आला.

आता वादाचे दोन पक्ष पाहू. पहिला पक्ष म्हणतो, हे भरताड आहे. दुसऱ्यांची गाणी, दोन गिटारी, बोंगो, वर हशा. ज्या माणसाकडून सहा महिन्यांत 'पेट साउंड्स' येणार होता, त्याच्याकडून कंपनीनं हे उरकून घेतलं. दुसरा पक्ष म्हणतो, अहो, बँड पहिल्यांदाच मोकळा होऊन गातोय, ऐका की! आम्हाला दोन्ही पक्षांचं थोडं थोडं पटतं. पण दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात, ती तपासायला हवी. ती म्हणजे हा अल्बम सहज झालाय, म्हणून तो हलका आहे.

तो सहज झालेला नाही. रेकॉर्डिंग झालं हॉलिवूडच्या वेस्टर्न स्टुडिओत. बोंगोवर हॅल ब्लेन होता, म्हणजे त्या काळच्या लॉस एंजेलिसमधला सगळ्यात कामसू स्टुडिओ वादक. आणि पार्टीचा जो गलबला ऐकू येतो, त्यातला बराचसा नंतर गाण्यांवर चढवलेला आहे. घरगुतीपणा इथे बेतून रचला आहे. काहींना ही फसवणूक वाटते. आम्हाला तसं वाटत नाही. नाटकातला दिवाणखाना खोटा असतो म्हणून नाटक खोटं ठरत नाही. प्रश्न एवढाच की, रचलेल्या या दिवाणखान्यात गाणं जिवंत राहतं का?

बऱ्याच ठिकाणी राहतं. 'डिव्होटेड टू यू' हे एव्हर्ली ब्रदर्सचं गाणं ब्रायन आणि माइक दोघं गातात. वाद्यवृंदाचा आधार नाही, आवाजांचे थर नाहीत. दोन नातलगांचे गळे एकमेकांना किती ओळखतात, ते इथे उघडं ऐकू येतं. दुसरं उदाहरण डेनिसचं. तो बँडचा ड्रमर, मुख्य गायक म्हणून क्वचितच पुढे येणारा. त्यानं बीटल्सचं 'यू हॅव गॉट टू हाइड युअर लव्ह अवे' म्हटलं आहे. ते गाणं ज्या 'हेल्प!' अल्बममध्ये आहे, तो ऑगस्ट १९६५ मध्येच आला होता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं ताजं गाणं, महिन्याभरात, असूयेचा लवलेश न ठेवता. डेनिसचा आवाज किंचित खरखरीत आहे आणि तो खरखरीतपणाच गाण्याला शोभतो.

आणि जिथे जमलेलं नाही, तिथेही स्पष्ट बोलायला हवं. अल जार्डिन बॉब डिलनचं 'द टाइम्स दे आर अ-चेंजिंग' मनापासून गातो आणि मागे मंडळी आरडाओरडा करत राहतात. इथे गंमत गाण्याच्या अंगावर येते. काळ बदलतोय असं सांगणारं गाणं, आणि ऐकणारे ऐकायलाच तयार नाहीत! याला कुणी खोल उपहास म्हणेल, पण आम्हाला ती निव्वळ बेफिकिरी वाटते. २०१५ मध्ये या अल्बमची नवी आवृत्ती आली, तिच्यात गलबला काढून नुसती गाणी दिली आहेत. ती ऐकली की दोन्ही गोष्टी कळतात : गायन किती नेटकं होतं, आणि गोंगाटानं कुठे मजा आणली, कुठे नासधूस केली.

आता सगळ्यात धीट जागा. या अल्बमवर त्यांनी स्वतःचीच दोन गाणी घेतली आहेत, 'आय गेट अराउंड' आणि 'लिटल ड्यूस कूप'. पैकी पहिलं हे त्यांचं अमेरिकेतलं पहिलं नंबर एकचं गाणं, १९६४ चं. ती गाणी ते शब्द बदलून, टर उडवत म्हणतात. विडंबन हा प्रकार मराठी माणसाला 'झेंडूची फुले'पासून चांगला परिचयाचा आहे. पण केशवकुमारांनी मुख्यतः दुसऱ्यांच्या कवितांची फिरकी घेतली. इथे बँड आपल्याच पोटापाण्याच्या गाण्याची फिरकी घेतोय, तेही यश ताजं असताना. गाड्या आणि फुशारक्या यांचा आपल्याला कंटाळा आलाय, हे कंपनीला सांगायची याहून सोपी वाट कुठली? म्हणून आम्ही म्हणतो, हा अल्बम 'पेट साउंड्स'च्या वाटेतला अडथळा नाही. जुनं घर रिकामं करताना झालेला तो कल्ला आहे.

इथवर अल्बमचं झालं. पण चाहत्यांचं खरं भांडण सिंगलवरून आहे. तारखा लक्षात ठेवा. २२ नोव्हेंबर १९६५ ला 'द लिटल गर्ल आय वन्स न्यू' हे नवं सिंगल आलं. ब्रायनचं नवं गाणं, 'पार्टी!'मध्ये नसलेलं. त्यात एक धाडस होतं. गाणं मध्येच पूर्ण थांबतं, काही क्षण शांतता, मग पुन्हा उसळतं. मैफलीत अशी शांतता टाळी घेऊन जाते. रेडिओवर मात्र ती बिघाड वाटते, कारण ऐकणारा लगेच दुसरं स्टेशन लावतो. निवेदकांना ते पचलं नाही. गाणं बिलबोर्डच्या यादीत २० व्या क्रमांकावर थांबलं. या बँडसाठी ती पिछेहाटच.

आणि एक महिनाही झाला नव्हता, तोच २० डिसेंबरला कंपनीनं 'पार्टी!'मधलं शेवटचं गाणं कापून, साधारण दोन मिनिटांचं करून बाजारात सोडलं : 'बार्बरा अ‍ॅन'. मूळ गाणं १९६१ चं, रीजेंट्स नावाच्या गटाचं. त्यात ब्रायनच्या बरोबरीनं जो आवाज ऐकू येतो, तो बँडमधल्या कुणाचा नाहीच. तो आहे 'जॅन अँड डीन' जोडीतल्या डीन टॉरन्सचा, आणि तबकडीवर त्याचं नाव नव्हतं. गाणं अमेरिकेत २ क्रमांकावर गेलं, ब्रिटनमध्ये ३ वर. आजही अनेकांना बीच बॉइज म्हटलं की हेच आठवतं. ज्याचा मुख्य आवाज अर्धा पाहुण्याचा, ज्याची रचना दुसऱ्याची, ते गाणं बँडची ओळख होऊन बसलं!

कडवे चाहते इथून थेट निष्कर्षावर उडी मारतात. 'बार्बरा अ‍ॅन'नं लोकांची सवय बिघडवली, म्हणून मे १९६६ मध्ये आलेला 'पेट साउंड्स' अमेरिकेत जेमतेम १० व्या क्रमांकापर्यंत पोचला, असं ते म्हणतात. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण ब्रिटनकडे पाहिलं की तो कोसळतो. तिथेही 'बार्बरा अ‍ॅन' गाजलंच होतं. 'पार्टी!' अल्बम तर तिथे ३ क्रमांकावर होता, अमेरिकेतल्या ६ पेक्षा वर. तरी त्याच ब्रिटिश श्रोत्यांनी 'पेट साउंड्स' २ क्रमांकावर नेला. हलक्या गाण्यानं कान बिघडत असतील, तर ब्रिटिशांचे का नाही बिघडले?

मग दोन देशांत फरक काय होता? आमच्या मते फरक होता निवडीत. 'गॉड ओन्ली नोज' हे गाणं ब्रिटनमध्ये सिंगलच्या मुख्य बाजूवर होतं आणि २ क्रमांकावर गेलं. अमेरिकेत तेच गाणं 'वुडन्ट इट बी नाइस'च्या मागच्या बाजूला होतं आणि ३९ च्या पुढे सरकलं नाही. शिवाय 'पेट साउंड्स' येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच जुलै १९६६ मध्ये कॅपिटॉलनं अमेरिकेत जुन्या गाण्यांचा 'बेस्ट ऑफ' संग्रह आणला. म्हणजे नवं पान वाढलं आणि पंगतीत लगेच कालचा भात फिरवला. हे एकच कारण होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण 'बार्बरा अ‍ॅन'वर सगळं खापर फोडण्यापेक्षा हे जास्त सयुक्तिक आहे.

यातून सिंगलचं स्वरूप कळतं. अल्बम म्हणजे घर. त्यात देवघर असतं, माळा असतो, पोरांचा धिंगाणाही असतो. सिंगल म्हणजे दारावरची पाटी. 'बार्बरा अ‍ॅन' घरात होतं तोवर कुणाची तक्रार नव्हती. ते पाटीवर गेलं, आणि तेही नवी पाटी लावून जेमतेम चार आठवडे झाले असताना. 'लिटल गर्ल'ला तिची शांतता लोकांच्या अंगवळणी पाडायला वेळ हवा होता. तो मिळाला नाही. कंपनीनं हलकं गाणं निवडलं हा दोष आम्ही धरत नाही. प्रत्येक अडचणीच्या क्षणी तिनं खात्रीचंच निवडलं, हा दोष धरतो. एकदा असं करणं व्यवहार आहे. वारंवार केलं की कलावंताच्या तोंडावर मुखवटा घट्ट बसतो, आणि पुढे तो काढायला गेलं तर कातडी सोलते.

आणखी एक पुरावा. मार्च १९६६ मध्ये त्यांचं 'स्लूप जॉन बी' आलं. जुनं लोकगीत, अल जार्डिननं सुचवलेलं. म्हणजे कल्पना पुन्हा 'पार्टी!'चीच, दुसऱ्याचं गाणं घ्यायचं. पण ब्रायननं त्याला अशी सजावट केली की ते 'पेट साउंड्स'मध्ये जाऊन बसलं आणि अमेरिकेत ३ क्रमांकावर पोचलं. खेळकर आणि कसदार यांच्यात चाहत्यांनी घातलेली भिंत त्यांच्याच घरात नव्हती. पुढे १९६७ मध्ये, 'स्माइल' हा महत्त्वाकांक्षी अल्बम बारगळल्यावर, 'स्माइली स्माइल' आला. मोजकी वाद्यं, हसणं-खिदळणं, बरंचसं ब्रायनच्या घरीच केलेलं. 'पार्टी!'ची ती युक्ती परत आली, पण आता त्या हसण्यात थकवा आहे. दोन्ही अल्बम एकामागून एक ऐका. दोन वर्षांत हसण्याचा रंग किती बदलू शकतो, ते कळेल. आणि हेही कळेल की हलक्या गाण्यालाही वेळ देऊन ऐकावं लागतं.

ब्रायन विल्सन जून २०२५ मध्ये गेला. तेव्हा बहुतेकांनी 'पेट साउंड्स'ची आठवण काढली, आणि ते योग्यच होतं. पण आमची विनंती एवढीच की, घरी गेल्यावर आधी 'द लिटल गर्ल आय वन्स न्यू' लावा आणि ती शांतता पूर्ण होऊ द्या. मग 'डिव्होटेड टू यू' ऐका, गलबला नसलेलं. आणि शेवटी 'बार्बरा अ‍ॅन' लावा, आवाज मोठा करून. पाय ठेका धरतीलच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तेवढ्यावरून या माणसांची ओळख पटली असं मात्र समजू नका.

आता प्रश्न असतील तर विचारा.