वयाची खुर्ची

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०१५ रोजी ठराव क्रमांक २२५० मंजूर केला. संघर्ष रोखण्याच्या आणि मिटवण्याच्या निर्णयप्रक्रियेत तरुणांचे प्रतिनिधित्व सर्व पातळ्यांवर वाढवा, असे तो सदस्य राष्ट्रांना सांगतो. मागणी रास्त आहे. माझा आक्षेप त्याच्या व्याख्येला आहे. त्याच्या लेखी १८ ते २९ वयाची माणसे म्हणजे तरुण. जात हा शब्द त्यात कोठेही नाही.

हर्णे बंदरावर उभे राहिले की ही व्याख्या अपुरी पडते. मासळीच्या लिलावात होडीमालकाचा मुलगा बोली ऐकत असतो. त्याच वयाचा खलाशी मासळी उतरवत असतो. मासेमारीच्या अनुदानांसंबंधीचा करार जागतिक व्यापार संघटनेने १७ जून २०२२ रोजी जिनिव्हात स्वीकारला; १५ सप्टेंबर २०२५ रोजी तो अमलात आला. अशा वाटाघाटींत उद्या ‘तरुण मच्छीमार’ म्हणून एक खुर्ची मिळालीच, तर तिच्यावर या दोघांपैकी कोण बसेल? वय सारखे असल्याने हितसंबंध सारखे होत नाहीत.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे इथून जवळच, मंडणगड तालुक्यात. १९३० साली ते लंडनच्या गोलमेज परिषदेला गेले तेव्हा ३९ वर्षांचे होते. निमंत्रण सरकारचे होते. तरीही इंग्रजी राज्यात अस्पृश्यांची स्थिती का पालटली नाही, हा जाब त्यांनी त्याच सरकारला विचारला आणि राजकीय सत्तेत वाटा मागितला. वयाच्या नावाने ते तिथे गेले नव्हते. समाजाच्या वतीने गेले होते. पण १९३२ साली मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ गांधीजींच्या उपोषणामुळे पुणे करारात सोडावे लागले. परिषदेत मिळवलेले टिकवायला मागे संघटित बळ लागते.

२००१ साली दरबानच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न नेला. भारत सरकारने विरोध केला. अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. सभागृहात पोचणे वेगळे, निर्णय बदलणे वेगळे.

आमच्या विद्यार्थ्यांनी अशा सभागृहांत जरूर जावे. मात्र मला कोणी पाठवले आणि परतल्यावर मी हिशेब कोणाला देणार, हे आधी ठरवून जावे. बोलावणारा हे विचारणार नाही. त्याला छायाचित्रात एक तरुण चेहरा पुरतो.