‘कारापुल्क्रा’ : नावाचे वय आणि पदार्थाचे वय

पेरू देशातील ‘कारापुल्क्रा’ हा मांस व बटाटे यांचा दाट रस्सा तेथील अतिप्राचीन पदार्थांपैकी एक मानला जातो. या मताचा मुख्य आधार नावाची व्युत्पत्ती हा होय. आयमारा भाषेत ‘काला’ म्हणजे दगड; त्यावरून तापलेल्या दगडांनी शिजविलेले अन्न, असा मूळ अर्थ सांगतात. परंतु नावाच्या वयावरून वस्तूचे वय ठरविणे सदोष आहे. आज हा पदार्थ भांड्यात शिजतो. त्यातील डुकराचे मांस, लसूण, लवंग व दालचिनी ही १५३२ च्या स्पॅनिश आक्रमणानंतरची भर आहे.

मग प्राचीन असे काय उरते? मिरची, भुईमूग आणि मुख्यतः वाळविलेला बटाटा. तो उकडून, सोलून, बारीक तुकडे करून सुकवितात. बटाटा वाळवून टिकविण्याची ही अँडीज पर्वतातील विद्या, हाच परंपरेचा खरा धागा होय.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. किनाऱ्यावरील चिंचा परिसरात आफ्रिकी वंशाच्या समाजाने या पदार्थाला ‘सोपा सेका’ या शेवयांच्या प्रकाराची जोड देऊन आपलेसे केले. पेरूतील गुलामगिरी १८५४ मध्ये रद्द झाली. पदार्थ केवळ आदिम ठरविला, की या लोकांचा वाटा इतिहासातून गळतो. दक्षिण अमेरिकेतून आलेले बटाटा व भुईमूग उपवासास ग्राह्य मानणाऱ्या महाराष्ट्रीय अभ्यासकास तरी, परंपरा ही स्वीकारातूनही घडते, हे निराळे सांगावयास नको.