हजार टाळकऱ्यांचा मेळा

अलीकडे सप्ताहाच्या सांगतेला हजार टाळ आणि शेकडो मृदंग एका मैदानात उभे करण्याची हौस वाढली आहे. हौसेला नाव ठेवत नाही. पण गेल्या चैत्रात अशाच एका मेळ्यात मी शेवटच्या रांगेत टाळ घेऊन उभा होतो, आणि तिथे जे कानांवर आले त्याला भजन म्हणायला जीभ रेटत नाही.

मंचावर गायक, विणेकरी आणि दोन नामांकित पखवाजवादक. कर्णे सगळे मंचाच्या दोन बाजूंना. आवाजाला शंभर मीटर कापायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. संथ चालीत हे खपून गेले. लय चढली तशी आमच्या रांगेत काहींनी मंचावरचा हात पाहून टाळ धरला, काहींनी कर्णा ऐकून. दोहोंचा मेळ बसेना. आमचा टाळ पुढच्यांना त्याहून उशिरा ऐकू जात असणार, म्हणजे तेही गोंधळले. शेजारचे एक बाबा, जन्मभर वारी केलेले, टाळ गळ्यात सोडून नुसते उभे राहिले. संयोजकांनी मागाहून दोष आमच्या सरावाला दिला. तो मला मान्य नाही.

डाव्या कोपऱ्यात पाठशाळेची तीस-चाळीस मुले होती. त्यांनी मंचाकडे पाहणेच सोडले, आपला मृदंगी मध्ये घेतला आणि पावली सुरू केली. मैदानात तेवढाच भाग तालात होता. थोड्या वेळाने बाबाही तिकडे सरकले.

मुलांनी नवे काही केले नाही. माउलींच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी जी शिस्त लावून दिली, तिच्यात हेच आहे. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे. प्रत्येकीचा विणेकरी आपला, मृदंग आपला. चालण्याचा क्रम सर्वांचा एक, ताल मात्र ज्या त्या दिंडीचा. एवढा मोठा समाज एकाच हाताच्या इशाऱ्यावर वाजवावा, असा हट्ट तिथे कोणी धरत नाही.

एकत्र यायचे ते मुक्कामी, समाजआरतीला. सगळ्या दिंड्यांचे टाळ चालू असतात, चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात शांतता होते. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवले-सापडले, उद्याची वेळ, आणि आरती. हजारोंच्या समुदायात एका दिंडीचे गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, ही सोय मला फार मोठी वाटते. आमच्या मेळ्यात शेवटची रांग ओरडली असती तरी मंचापर्यंत काही गेले नसते. वर ड्रोन फिरत होता, त्याला फक्त टोप्या दिसत होत्या. चित्रीकरण सुंदर आले आहे, हे कबूल करतो. पाणी आणि प्रसादाची व्यवस्थाही चोख होती.

यंदा त्याच मैदानात पुन्हा मेळा ठरतो आहे, असे ऐकतो. निमंत्रण आले तर जाईन. पन्नास-पन्नासांचे गट करा आणि प्रत्येक गटाला मृदंगी द्या, असे संयोजकांना कळवले आहे. ते जमत नसेल तर निदान आमच्या दिंडीचा मृदंगी शेवटच्या रांगेत उभा करू द्यावा.